चौदा नंबरचा दोरा

३ मार्च, सोमवार

साहेबांनी आज बत्तीस कोरी कार्डं माझ्या टेबलावर ठेवली. कचेरीच्या प्रत्येक सायकलीला एक. कार्डावर पाच रकाने : तारीख, भाग, काम, कोणी केलं, कोणी तपासलं.

"आपल्याकडे सायकली आहेत, पण त्यांचा इतिहास नाही," साहेब म्हणाले. वाक्य मला आवडलं.

पाणीपुरवठ्याच्या या कचेरीत मी अठरा वर्षं भांडार सांभाळतो. सुटे भाग घेतो, देतो, मोजतो. सायकली मीटर वाचणारे नेतात. दुरुस्ती दादा करतो. दादा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. कचेरीत सगळेच त्याला दादा म्हणतात, साहेब सोडून. मला इथे त्यानेच चिकटवलं. त्याच्या निवृत्तीला आता आठ महिने आहेत.

कच्च्या नोंदींसाठी वही आणायला गेलो आणि दोन आणल्या. ही दुसरी. हिच्यात काय लिहायचं ते ठरलेलं नाही.

५ मार्च

दादाला कार्डं दाखवली. त्याने हात पुसून कार्ड घेतलं, तरी कोपऱ्यावर काळा अंगठा उमटलाच.

"हे कशाला? कुठल्या सायकलीचं काय दुखतंय ते मला ठाऊक आहे की."

"तू नसशील तेव्हा?"

"तेव्हा तू आहेस, कारकून."

त्याची स्वतःची एक पद्धत आहे. ज्या सायकलीचा भाग यायचा बाकी आहे, तिच्या हँडलला, ब्रेकच्या मुठीजवळ, तो लाल दोरा बांधतो. दोरा असलेली सायकल कोणी नेत नाही. काम झालं की दादाच दोरा कापतो. दुसऱ्याने हात लावायचा नाही. दोरा आमच्या घरच्या शिवणाच्या डब्यातला. बहिणीकडून रीळच्या रीळ घेऊन जातो.

ज्याला सहीपुरतंच लिहिता येतं, त्याची ही युक्ती. वाईट नाही. पण तिला इतिहास म्हणता येणार नाही.

१४ मार्च

सतरा कार्डं पूर्ण. घरी आल्यावरही तेच डोक्यात होतं. बायको म्हणाली, "नवीन दप्तर मिळालेल्या पोरासारखा काय हरखलायस?" मी म्हटलं, कामाला काही शिस्त लागतेय. ती म्हणाली, "दादाला लागतेय का?"

तिला त्याची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही.

२४ मार्च

धाकटी मीटरवाली तक्रार घेऊन आली. चौदा नंबरचा पुढचा ब्रेक पार मुठीला टेकतो. दादाने वायर मोकळी करून उजेडाला धरली. अर्धे पदर तुटलेले, बाकीच्यांना गंज. भांडारात वायर नाही. मुख्य भांडाराला मी दोनदा लिहिलं आहे.

दादाने तीच वायर परत लावून दोरा बांधला आणि तिला नऊ नंबर दिली.

"नऊ नंबरची सीट म्हणजे शिक्षा आहे, दादा."

"मग उभ्याने चालव. तरुण आहेस."

"तुमची बहीण बसेल का हिच्यावर?"

"माझ्या बहिणीने त्याहून कठीण गोष्ट पत्करली," असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं. सगळे हसले. मीही हसलो.

२८ मार्च

सोमवारी वरून तपासणी आहे. साहेबांनी कार्डं चाळली. अकरा चौकटी रिकाम्या निघाल्या.

"रिकामी चौकट म्हणजे न केलेलं काम."

"वायर आलेली नाही, साहेब."

"येणार आहे ना?"

"यायला हवी."

"मग झालं तर." नंतर ते शेडमध्ये गेले आणि हँडलवरचे दोरे पाहून थांबले. "ही काय सजावट? नोंद कार्डावर आहे, मग इथे कशाला? सोमवारी मला हे दिसता कामा नये."

दादा तेव्हा जेवायला गेला होता.

३० मार्च, रविवार

कचेरीत कोणी नव्हतं. एकाच पेनाने, एका बैठकीत अकराही चौकटी भरल्या. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या शाईने भरलेल्या नोंदी मला पाहवत नाहीत. चौदा नंबर : पुढच्या ब्रेकची वायर. बदलली. कोणी केलं : दादा. कोणी तपासलं : माझी सही.

हे खोटं नाही. वायर सोमवारी नाहीतर मंगळवारी येईल, दादा ती बदलेल, मी तपासेन. तारीख तेवढी आधी पडली.

मग शेडमध्ये जाऊन दोरे कापले. पाच होते. त्यासाठी बायकोची कात्री नेली होती. दोरे खिशात ठेवले, म्हणजे तपासणी झाली की दादाला परत देता येतील. सकाळी त्याला सगळं सांगायचं.

३१ मार्च

तपासणी उत्तम. वरून आलेल्या बाईंनी चार कार्डं स्वतः पाहिली आणि अक्षराचं कौतुक केलं. साहेब माझ्याकडे बघून हसले. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

दादाला साहेबांनी सकाळीच पंपाच्या ठाण्यावर धाडलं होतं, तिथल्या हातगाडीचं चाक बघायला. ग्रीसने माखलेला माणूस पाहुण्यांसमोर नको. तो परस्पर घरी गेला. दोऱ्यांचं सांगायचं राहिलं. उद्या.

१ एप्रिल

मीटरवाले सातला निघतात. दादा आठला येतो. हे मला माहीत होतं. लिहून ठेवतो, की मला माहीत होतं.

धाकटी मीटरवाली चौदा नंबर घेऊन गेली. टाकीच्या उतारावर वायर तुटली. खाली वळणावर दगडी कठडा आहे. पाय दोन जागी मोडला.

दादा जाऊन सायकल खांद्यावर घालून आला. ती खाली ठेवून त्याने आधी हँडल पाहिलं, मुठीजवळ. तिथे बोट फिरवलं. मग बाकीच्या चार सायकली बघून आला.

"दादा, मी कालच सांगणार होतो—"

"कार्ड आण."

मी आणलं.

"वाच."

मी वाचलं. बदलली, इथपर्यंत.

"पुढे?"

"कोणी केलं : दादा."

तो नळावर गेला आणि हात धुतले. बराच वेळ धूत होता. आज त्याने अजून कामाला हात लावला नव्हता.

३ एप्रिल

चौकशी होणार. साहेबांनी तुटलेली वायर मागितली. दादा म्हणतो, काढली आणि टाकून दिली. कुठे? आठवत नाही.

एवढा निष्काळजी तो कधीच नव्हता. साहेबांनाही तेच वाटलं. वय झालंय, म्हणाले. 

७ एप्रिल

इस्पितळात गेलो. धाकट्या मीटरवालीचा पाय वजन लावून टांगलेला आहे. तिची आई बाजूला बसून एकटक माझ्या चपलांकडे बघत होती.

मी विचारलं, "चौदा नंबर का नेलीस? नऊ होती की."

ती म्हणाली, "दोरा आहे का बघितलं होतं. शेडमध्ये अंधुक होतं म्हणून हाताने चाचपलंसुद्धा. दोरा नव्हता, म्हणून घेतली. दादांनी कापला म्हणजे काम झालं असणार."

"कार्ड पाहायचंस."

"कार्ड तुमच्या कपाटात असतं ना?"

संत्री नेली होती, ती खाली ठेवून आलो.

९ एप्रिल

उद्या चौकशी. संध्याकाळी दादाच्या घराकडे निघालो होतो. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. त्याच्या दारात कोणाची तरी सायकल उलटी उभी होती आणि तो चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होता. चाक फिरवायचा, थांबवायचा, कान लावायचा. कामात आहे असं पाहून परतलो.

माझं म्हणणं मी ठरवलं आहे. विचारतील तेवढंच सांगायचं.

१० एप्रिल

साहेब, वरून आलेल्या त्या बाई, आणि लिहून घेणारा एक जण. टेबलावर चौदा नंबरचं कार्ड.

बाई मला म्हणाल्या, "ही सही तुमची?"

"हो."

"कार्डावरची नोंद तुमच्या हातची?"

"हो."

यातला एकही शब्द खोटा नाही.

मग दादा. तो खुर्चीवर बसेना. पँटला ग्रीस आहे म्हणाला. बाईंनी विचारलं, "वायर तुम्ही बदलली होती?"

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. कार्डाकडे बघत म्हणाला, "काय लिहिलंय त्यात?"

"बदलली असं लिहिलंय."

"मग बदलली असेल मी. नीट आवळली नसेल."

"नक्की आठवतंय?"

"बाई, तो खोटं कशाला लिहील? माझ्या बहिणीचा नवरा आहे."

मला वाटतं, तो खरंच विसरला असावा. चाळीस वर्षं एकसारख्या वायरी बदलल्यावर कोणती बदलली आणि कोणती नाही, हे कोणाच्या लक्षात राहणार? विसरलेल्या माणसाला आपण आठवण करून द्यायची का, हा प्रश्न अवघड आहे. मी बराच विचार केला. तोवर बाईंनी फाइल मिटली होती.

१५ एप्रिल

आदेश आला. दादाला कामावरून कमी केलं. साडेसहा महिने उरले होते, तेही दिले नाहीत.

हत्यारं ताब्यात घेणं माझ्याकडे. यादी वाचून दाखवली, तो एकेक वस्तू पुढे सरकवत गेला. पान्हे अकरा. पंप दोन. छर्ऱ्यांचा डबा एक. एक लहान स्क्रूड्रायव्हर यादीत नव्हता. "हा माझा," तो म्हणाला. मी ठेवू दिला. शेवटी सही घेतली.

सही करताना म्हणाला, "बघ, एकही चौकट रिकामी राहिली नाही."

त्याचा विनोद शाबूत आहे, हे पाहून बरं वाटलं.

१८ एप्रिल

बायको बोलत नाही असं नाही. मीठ संपलंय, दार लाव, असं बोलते. मी चौकशीत काय सांगितलं ते तिने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

२२ एप्रिल

शर्टाचं बटण तुटलं. ती घरी नव्हती म्हणून शिवणाचा डबा मीच उघडला. लाल रिळाखाली, जुन्या रुमालात गुंडाळलेली, एक वेटोळं केलेली वायर होती. गंजलेली. टोकाला पदर पिंजलेले.

ती आल्यावर विचारलं, "हे काय आहे?"

"तुला कळत नाही काय आहे ते?"

"तो तर म्हणाला होता टाकली म्हणून."

"दादाने आणून दिली, अपघात झाला त्याच संध्याकाळी. म्हणाला, कचऱ्यात टाकू नकोस, कोणीतरी उचलून बघेल. गंज बघून आंधळ्यालाही कळेल, बदललेली नाही म्हणून."

"मग त्याने सांगितलं का नाही?"

तिने भाजीची पिशवी खाली ठेवली. "सांगितलं असतं तर तू गेला असतास. मग आम्ही काय खाल्लं असतं, कार्डं?"

मी म्हटलं, मला हे माहीत नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

२३ एप्रिल

वायर खिशात घालून कचेरीत गेलो. साहेबांपुढे ठेवायची, दोन वाक्यं बोलायची. वाक्यं पाठ केली होती. साहेब रजेवर.

२४ एप्रिल

साहेबांकडे दिवसभर माणसं.

२८ एप्रिल

आज ते एकटे होते. दारापर्यंत गेलो. त्यांनीच हाक मारली आणि म्हणाले, तुमचं नाव वर पाठवलंय, नोंद-प्रमुख म्हणून, सगळ्या विभागांची कार्डं तुमच्याकडे येतील. मी आभार मानले. अशा वेळी दुसरा विषय काढणं बरं दिसलं नसतं. माझा हात खिशात होता. बाहेर आल्यावर पाहिलं तर बोटांना गंज लागला होता.

२ मे

नेमणुकीचा कागद हाती आला. वेगळी खोली, खिडकी, कुलपाचं कपाट. वायर डब्यात जिथे होती तिथे ठेवली. रुमालाची घडी तशीच जमली नाही.

बायकोने डबा उघडलेला मला ऐकू आला. मग मिटलेला.

१९ मे

वायर आली. बारा. मागितल्या होत्या पाच. चौदा नंबर भंगारात निघाली, तेव्हा तिची एक शिल्लक राहते. तसं लिहिलं.

नवा फिटर चटपटीत आहे. काम करण्याआधी विचारतो, "कार्डावर काय दाखवायचंय?" धाकटी मीटरवाली काठी घेऊन रुजू झाली. आता खिडकीवर बसून बिलं घेते. मला बघून उठायला गेली, मी बस म्हटलं.

दादाने चौकात, कचऱ्याच्या पिंपाशेजारी, दुकान मांडलंय असं कळलं. दुकान कसलं, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. मी जाताना मागच्या रस्त्याने जातो. तो रस्ता जवळचा नाही, पण सावली आहे.

८ जून, रविवार

दुपारी पायीच बाहेर गेलो होतो. परत आलो, संध्याकाळी सायकल काढायला गेलो तर हँडलवर लाल दोरा.

"हा तुझा उद्योग?" बायकोला विचारलं.

"मी कशाला बांधू? दादा आला होता."

"कशाला?"

"मला भेटायला. तू नव्हतास म्हणूनच आला. जाताना तुझी सायकल हलवून बघितली. अठरा वर्षांची सवय."

मी कात्री मागितली. तिने दिली नाही. डबाच उचलून आत नेला.

मला वाटतं, हा टोमणा आहे. येता-जाता माझ्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून. इतका राग मनात धरून ठेवणं त्याच्या वयाला शोभत नाही.

९ जून

दोरा बांधलेली सायकल घेऊन कचेरीत कसं जायचं? पायी गेलो. परत येऊन नखाने गाठ सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. तेव्हा मुठीखाली नजर गेली. वायर जिथे मुठीत शिरते, तिथे ती पिंजली होती. मी मोजले. तीन पदर शिल्लक.

टाकीचा उतार मी रोज उतरतो.

१० जून

सायकल हातात धरून चौकात गेलो. दादा एकाचं पंक्चर काढत होता. दुसरा एक माणूस थांबला होता. मी त्याच्या मागे उभा राहिलो. दादाने पाहिलं आणि पंक्चर पुरं केलं. मग त्या माणसाची चेन चढवली. मग माझ्याकडे वळला.

"काय आहे?"

"पुढच्या ब्रेकची वायर."

"बसा," त्याने खोकं पुढे केलं. "बसून बघा."

पहिल्यांदाच त्याने मला अहो-जाहो केलं. नव्या पदाचा मान म्हणून असेल.

त्याने जुनी वायर ओढून काढली, माझ्या हातात दिली. नवी दाताने सरळ केली, तेलाचं बोट फिरवलं, ओवली, आवळली. ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा आवळली. त्याच लहान स्क्रूड्रायव्हरने मुठीचा स्क्रू बसवला. इतक्या वर्षांत एक वायर बदलायला किती वेळ लागतो ते मी पाहिलं नव्हतं. सात-आठ मिनिटं लागतात.

मी म्हटलं, "दादा, मी साहेबांना सांगणार होतो. वायर आठवडाभर माझ्या खिशात होती."

"ब्रेक दाबून बघा."

मी दाबला.

"लागतोय?"

"हो."

त्याने खिशातून ब्लेड काढून दोरा कापला आणि पिंपात टाकला. "हा काम झाल्यावर कापायचा असतो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसा.

मी निघायला लागलो तर म्हणाला, "पैसे?" अठरा वर्षांत त्याने माझ्याकडून कधी घेतले नव्हते. मी दिले. त्याने सुटे परत केले, मोजून.

त्याच रात्री

घरी आल्यावर सायकल भिंतीला लावली. माझ्या सायकलीचंही एक कार्ड मी मार्चमध्ये हौसेने केलं होतं. ते काढून टेबलाशी बसलो. भाग : पुढच्या ब्रेकची वायर. काम : बदलली. कोणी केलं : दादा.

बायको मागे उभी होती. "दोरा कोणी काढला?"

"त्याने."

"वायर बदलल्यावर?"

"हो. माझ्यासमोर. मी तिथे बसलो होतो."

मी शेवटच्या रकान्यात सही करायला पेन टेकवलं.

"थांब," ती म्हणाली.

ती बाहेर गेली. मुठीखाली दिवा धरून वाकली, वायरीवर नख ओढलं. मग सायकल भिंतीपासून काढून अंगणात नेली, पळत ढकलली आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. परत फिरवून आणली, पुन्हा ढकलली, पुन्हा दाबला. तीन वेळा.

हात पदराला पुसत ती आत आली. कार्ड माझ्यासमोरून ओढून घेतलं आणि शेवटच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.